केळीच्या मळ्यातील पाऊलखुणेचा प्लास्टरचा ठसा मोडला. काय चुकले असावे?

केळीबाग, यावल
नमस्कार. आमचा मळा सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. गेल्या आठवड्यात ठिबकच्या नळीलगतच्या ओल्या मातीत एका मोठ्या जनावराची स्वच्छ पाऊलखूण दिसली. मुलीला शाळेत दाखवता यावी म्हणून मी घरातले प्लास्टर ऑफ पॅरिस आणि पाणी सारख्या मापाने कालवून तीत ओतले. तासाभराने उचलताना ठशाचे तीन तुकडे झाले आणि चिकटलेली काळी माती धुताना बोटांच्या कडाही झिजल्या. पुढच्या वेळी काय बदलावे? वहिनींना नऊ महिन्यांच्या बाळाच्या पावलाचा ठसाही हवा आहे.

पांझराकाठ, धुळे
दादा, मी गणेशमूर्तींचे काम करतो. चूक मापात आहे. एक वाटी पाण्याला दोन वाट्या प्लास्टर घ्यावे आणि ते पाण्यावर भुरभुरत सोडून सावकाश कालवावे; प्लास्टरवर पाणी ओतल्यास गुठळ्या राहतात. जिप्सम तापवून त्यातले बरेचसे पाणी घालवले की प्लास्टर बनते आणि कालवताना तेवढेच पाणी परत घेऊन ते घट्ट होते. जास्तीचे पाणी मात्र नुसते अडकून राहते, ते वाळल्यावर आत छिद्रे उरतात आणि ठसा ठिसूळ होतो. पोते पावसाळ्यात उघडे राहिले असेल, तर चमचाभर कालवून पाहावे. अर्ध्या तासात घट्ट झाले नाही तर ते प्लास्टर वापरू नये. ठशाची जाडी तीन सेंटिमीटर तरी ठेवावी आणि निम्मे ओतून झाल्यावर बांबूच्या दोन कामट्या आडव्या घालाव्यात.

तापीकाठ, भुसावळ
माप पटले; मातीविषयी भर घालतो. आपली काळी माती ओली असताना फुगते आणि वाळताना भेगाळते, म्हणून खूण दिसेल त्याच दिवशी ठसा घ्यावा. साचलेले पाणी सुती कापडाच्या टोकाने टिपावे, दोन बोटे अंतर सोडून भोवती पुठ्ठ्याची पट्टी रोवावी आणि मिश्रण उंचावरून न ओतता चमच्यावरून हळूहळू सोडावे, म्हणजे बोटांच्या कडा मोडत नाहीत. प्लास्टर घट्ट होताना गरम होते. ते पुन्हा निवल्यावर खालची माती खुरप्याने सैल करून ठसा मातीसकट उचलावा. तो लगेच धुऊ नये, सावलीत दोन दिवस वाळू द्यावा आणि मग दात घासायच्या जुन्या ब्रशने माती झाडावी.

जनावर ओळखताना नखे पाहावीत. बिबट्या नखे आत ओढून चालतो, त्यामुळे ती सहसा उमटत नाहीत. कुत्र्याची आणि तरसाची उमटतात, शिवाय तरसाचा पुढचा पंजा मागच्याहून स्पष्ट मोठा असतो. एका ठशावर निर्णय न देता पुढच्या-मागच्या खुणांचेही शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो घ्यावेत. खूण ताजी असेल तर माग काढत केळीत मात्र शिरू नये, ही कळकळीची विनंती.

पांझराकाठ, धुळे
बाळाविषयी लिहायचे राहिले. बाळाचे पाऊल ओल्या प्लास्टरमध्ये कधीही ठेवू नका. त्या उष्णतेने कातडी भाजते आणि प्लास्टर आवळल्यावर पाऊल बाहेर काढता येत नाही. शाडूची माती मऊ मळून दोन बोटे जाड थापावी, बाळ गाढ झोपलेले असताना पाऊल तिच्यावर दाबून लगेच उचलावे आणि बाळाला दूर नेल्यावर त्या खळग्यात प्लास्टर ओतावे. उरलेले मिश्रण मोरीत टाकू नये. ते पाण्याखालीही घट्ट होते आणि नळी बुजते.