बारावी सायन्स, ओबीसी: व्हॅलिडिटीसाठी, म्हणजे जात पडताळणी प्रमाणपत्रासाठी, पुरावा कुठला?

प्रश्न: मुलगी बारावीत, पुण्यात. जातीचा दाखला आहे, पडताळणी बाकी. आजोबा शाळेत गेलेच नाहीत. काय जोडावे?

उत्तर १: ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीची जातीची नोंद लागते. आजोबांची नसेल तर त्यांच्या सख्ख्या भावाची, आत्याची किंवा पणजोबांची चालते. तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक, मागा. जन्ममृत्यूच्या नोंदीत जात लिहिलेली असते. वडील किंवा सख्ख्या काकांची व्हॅलिडिटी असेल तर ती आधी जोडा, सर्वात भक्कम पुरावा तोच. आईकडचे कागद उपयोगाचे नाहीत.

उत्तर २: अर्ज ऑनलाइन भरून, कॉलेजच्या सहीशिक्क्यासह आत्ताच द्या. निकालानंतर गर्दी होते, आणि पडताळणी समितीच्या दक्षता पथकाकडे चौकशीला प्रकरण गेले की महिने जातात. वंशावळीचे शपथपत्र जोडा. नावात फरक असेल तर वेगळे शपथपत्र करा; जुन्या दाखल्यावर कधीही खाडाखोड करू नका, त्यानेच दावे फेटाळले जातात.

उत्तर ३: नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र, वेगळे काढा. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 8 लाख, पण त्यात पगार आणि शेतीचे उत्पन्न धरत नाहीत. हे माहीत नसल्याने कित्येक पात्र मुले खुल्या गटातून फॉर्म भरतात, फार वाईट वाटते. या प्रमाणपत्राची मुदत 31 मार्चला संपते, तारीख तपासा.