प्रतिसाद: ३०० तासांत काय शिकवावे
सोनोग्राफीचे सहा महिन्यांचे प्रशिक्षण म्हणजे केवळ प्रमाणपत्र मिळवण्याची सोय, असे मत मांडले जाते; ते मला अर्धेच पटते. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखालील २०१४ च्या नियमांनी एमबीबीएस डॉक्टरांच्या या प्रशिक्षणासाठी ३०० तास ठरवून दिले ही जमेची बाजू आहे. परंतु प्रश्न तासांचा नसून, प्रोब (पोटावर फिरवायचा सोनोग्राफी यंत्राचा भाग) हातात असताना शेजारी कोण उभे आहे याचा आहे.

सोलापुरात पदव्युत्तर शिक्षण घेताना माझ्या मार्गदर्शिका मॅडम एकाच गर्भाची मापे मला तीन वेळा, आधीचे आकडे झाकून, घ्यायला लावत, आणि सुरुवातीला मांडीच्या हाडाच्या लांबीत इतका फरक पडे की मलाच धक्का बसे. अक्कलकोट, मंगळवेढ्याकडच्या अनेक स्त्रिया सातव्या महिन्यातच पहिल्यांदा येत, पाळीची तारीख त्यांना आठवत नसे, त्यामुळे गर्भाचे वय मापांवरूनच ठरवावे लागे. पहिल्या तिमाहीत गर्भाची लांबी मोजून वय पाच ते सात दिवसांच्या फरकाने सांगता येते, शेवटच्या तिमाहीत मात्र तीन आठवड्यांचीही चूक संभवते. म्हणूनच स्वतःच्या मापांतील तफावत तपासण्याची ही सवय अभ्यासक्रमात सक्तीची असावी, असे मला मनापासून वाटते.