कॉन्ड्रोमा आणि कॉर्डोमा : ‘कूर्चेची गाठ’ नेमकं कशाला म्हणायचं?

प्रश्न : एमआरआयच्या रिपोर्टचं मराठी करताना ‘कॉन्ड्रोमा’साठी ‘मेंदूतली कूर्चेची गाठ’ चालेल का? पुढच्याच ओळीत ‘कॉर्डोमा’ही आहे. दोन्ही एकच का?

उत्तर : आधी ‘मेंदूतली’ काढा, ‘कवटीच्या आतली’ लिहा. मेंदूत कूर्चा (कान-नाकात असते तशी, हाडापेक्षा मऊ आणि लवचिक ऊती) नसतेच. कवटीचा माथा पडद्यासारख्या ऊतीतून थेट हाडाचा होतो, तळ मात्र आधी कूर्चेचा असतो आणि मग त्याचं हाड होतं. म्हणून या गाठी बहुतेक वेळा तळाशीच सापडतात. क्वचित मेंदूच्या दोन गोलार्धांमधल्या पडद्यातूनही उगवतात.

शाळेच्या पुस्तकात कूर्चेला ‘कास्थी’ म्हटलंय, पण ऐकणाऱ्याला ती ‘अस्थी’ वाटते आणि घरी निरोप जातो ‘हाडाची गाठ’. ‘कूर्चा’च बरा.

कॉर्डोमा अगदी वेगळा. तो गर्भातल्या पृष्ठरज्जूच्या (नोटोकॉर्ड, म्हणजे गर्भाच्या पाठीतला कण्याआधीचा दांडा) उरलेल्या पेशींतून होतो. इथे ‘मज्जारज्जूची गाठ’ लिहिणं ही घोडचूक. पृष्ठरज्जू आणि मज्जारज्जू (स्पायनल कॉर्ड, कण्यातून जाणारा मज्जातंतूंचा दोर) या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

प्रश्न : मग स्कॅनवर फरक कळतो?

उत्तर : बराचसा. पहिली खूण जागेची. कॉर्डोमा सहसा बरोबर मध्यरेषेवर, क्लायव्हसच्या (कवटीच्या तळाच्या मधोमध असलेल्या) हाडात असतो. कॉन्ड्रोसार्कोमा, म्हणजे कूर्चेचा कर्करोग, बाजूला, कानाच्या हाडाचं आतलं टोक डोक्यामागच्या हाडाला मिळतं त्या सांध्यात. टी-टू चित्रात (एमआरआयच्या एका प्रकारात) दोन्ही पांढरेशुभ्र दिसतात, त्यामुळे नुसत्या त्यावर निकाल देऊ नये. डिफ्युजनमधला (ऊतीत पाणी किती मोकळं हलतं ते दाखवणाऱ्या एमआरआयमधला) एडीसी आकडा, म्हणजे त्या हालचालीचं माप, जास्त कामाचा : कॉन्ड्रोसार्कोमात साधारण २ × १०⁻³ चौ. मिमी प्रति सेकंद, कॉर्डोमात १.५ च्या आसपास. मात्र कवटीच्या तळाशी हवा आणि हाड शेजारी असल्याने नेहमीचं ईपीआय (झटपट चित्र घेण्याच्या पद्धतीचं) डिफ्युजन वाकडंतिकडं येतं आणि आकडाच चुकतो. तिथे ईपीआय नसलेलं डिफ्युजन मागावं.

पुरवणी : ‘कॉन्ड्रोमा’ आणि ‘कॉन्ड्रोसार्कोमा’ यांची गल्लत नको. पहिली साधी गाठ, दुसरा कर्करोग. सौम्य दर्जाचा कर्करोग स्कॅनवर साध्या गाठीसारखाच दिसू शकतो, म्हणून रेडिऑलॉजिस्ट जपून ‘कॉन्ड्रॉइड लीजन’ (कॉन्ड्रॉइड म्हणजे कूर्चेसारखं) लिहितात. त्याचं मराठी ‘कूर्चेसारखी दिसणारी गाठ’ असंच करा. ‘सारखी’ गाळलीत तर तुकडा तपासण्याआधीच निदान सांगितल्यासारखं होतं.

प्रश्न : कूर्चेच्या गाठीतल्या कॅल्शियमच्या खुणांना रिपोर्टमध्ये ‘रिंग्ज अँड आर्क्स’ म्हणतात. त्याला ‘वर्तुळे आणि चाप’?

उत्तर : तो भूमितीचा तास झाला. ‘कडी आणि कमानी’ म्हणा. कूर्चा गोल गोल पुंजक्यांनी वाढते आणि कॅल्शियम पुंजक्याच्या काठाने साचतं. पूर्ण काठ भरला की कडं, अर्धा भरला की कमान. हे नीट दिसतं ते सीटीवर, १ मिमी किंवा त्याहून पातळ काप आणि बोन विंडो (हाड स्पष्ट दिसेल अशी चित्राची मांडणी) असेल तर. एमआरआयच्या एसडब्ल्यूआयमध्ये (रक्त आणि कॅल्शियम टिपणाऱ्या प्रकारात) कॅल्शियम आणि जुनं रक्त दोन्ही काळे. त्याच तपासणीतल्या फेजच्या चित्रात ते एकमेकांच्या उलट रंगाचे होतात, पण कोणतं काळं आणि कोणतं पांढरं हे मशिनगणिक बदलतं. आधी पिनियल ग्रंथीतलं (मेंदूच्या मध्यावरची छोटी ग्रंथी) नेहमीचं कॅल्शियम कोणत्या रंगाचं आलंय ते पाहावं, मग गाठीकडे वळावं.

कॉर्डोमातही सीटीवर पांढरे ठिपके दिसतात. ते बहुधा गाठीने कुरतडलेल्या हाडाचे उरलेले तुकडे असतात. तिथे ‘कॅल्शियम साचलं’ लिहू नका, ‘हाडाचे तुकडे’ लिहा.