परत मागवलेल्या बॅचचं औषध घेऊन इजा झाली, तर दाद कुठे मागायची?

नीलमोहर: चिठ्ठीवर लिहून दिलेलं औषध घेतलं, मूत्रपिंडाला इजा झाली, नंतर कळलं की ती बॅच कंपनीने परत मागवली आहे. भरपाईसाठी कुठे जायचं? पोलीस, एफडीए (अन्न व औषध प्रशासन) की ग्राहक मंच? फी, मुदत, वकील?

तारीख_पे_तारीख: एफडीएत तक्रार कराच, पण पैसे मिळायची वाट ग्राहक आयोगाची ('मंच' हे नाव २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने गेलं). त्याच कायद्याच्या कलम ८४ खाली उत्पादनातला दोष आणि त्यातून झालेली इजा सिद्ध झाली, की 'आमचा निष्काळजीपणा नव्हता' हा बचाव उत्पादकाला चालत नाही. कुठला आयोग, हे मागितलेल्या भरपाईवर नाही, मोजलेल्या किमतीवर ठरतं. औषध ३०० रुपयांचं आणि दावा ३० लाखांचा असला तरी जिल्हा आयोग, फी शून्य. कंपनी हिमाचलची असली तरी तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात चालते. मुदत दोन वर्षं. वकील सक्तीचा नाही, पण समोर असतोच.

खलबत्ता: गाडी अडते पुराव्यावर. बॅच परत मागवली, एवढ्याने इजा तिच्यामुळेच झाली असं ठरत नाही. लेबल चुकलं किंवा गोळी नीट विरघळत नाही म्हणूनही बॅच मागे घेतात. मागे घेण्याचं कारण आणि तुमचे रिपोर्ट यांचा मेळ बसायला हवा. डायइथिलीन ग्लायकॉल (मूत्रपिंड निकामी करणारं विषारी रसायन) निघालं असेल, तर औषध कधी सुरू झालं, लघवी कधी कमी झाली, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला घटक) कधी चढलं हे तारखांसकट मांडा आणि उपचार करणाऱ्या तज्ज्ञाचं लेखी मत जोडा. केसपेपर लेखी मागा. ७२ तासांत द्यावे लागतात.

उरलेलं औषध दुकानात परत देऊ नका! 'परत करा' म्हणतात आणि लोक एकुलता एक पुरावा देऊन मोकळे होतात. कापून दिलेल्या स्ट्रिपवर बॅच नंबर नसतो, तेव्हा बिलावरचा बघा.

नीलमोहर: उरलेली बाटली स्वतः तपासून घेता येते?

खलबत्ता: औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २६ खाली फी भरून सरकारी विश्लेषकाकडे देता येते. पण उघडी बाटली म्हटलं की कंपनी म्हणणार, भेसळ घरी झाली. त्याच बॅचची सीलबंद बाटली औषध निरीक्षकाने जप्त केलेली बरी. तशी लेखी मागणी लगेच करा, माल एकदा परत गेला की संपलं.

तारीख_पे_तारीख: फौजदारीचं राहिलं. औषध भेसळीचं किंवा बनावट ठरलं आणि त्याने मृत्यू वा गंभीर दुखापत झाली, तर त्याच कायद्याच्या कलम २७(अ) खाली किमान १० लाखांचा दंड होतो आणि तो पीडिताला किंवा वारसांना मिळतो. अहवालात नुसतं 'प्रमाणित दर्जाचं नाही' आलं तर हे कलम लागत नाही. म्हणून आयोगातली तक्रार त्या खटल्यासाठी थांबवू नका. दुकानदारालाही पक्षकार करा, निदान बिल आणि बॅचचा माग त्याला दाखवावा लागेल.