मास इफेक्ट २ मधला उलटा हिशोब
साईड क्वेस्ट (मुख्य कथेबाहेरच्या ऐच्छिक मोहिमा) केल्या नाहीत म्हणून वेळ नसलेल्या खेळाडूला व्हिडिओ गेमने वाईट शेवट का द्यावा, असा एक आक्षेप असतो; तो मला अर्धाच पटला. मास इफेक्ट २ (२०१०) या अंतराळातल्या गेममध्ये लॉयल्टी मिशन्स (साथीदारांची निष्ठा मिळवून देणारी ऐच्छिक मिशन्स) टाळली तर शेवटच्या मोहिमेत साथीदार मरू शकतात, पण ती मोहीम जिवावरची आहे हे पहिल्यापासून कानीकपाळी ओरडून सांगतात.

उलटा हिशोबही तिथेच आहे: जास्तीची मिशन्स करत बसलात म्हणून शिक्षा. (स्पॉयलर!) जहाजावरची माणसं पळवली गेल्यावर लगेच ओमेगा-४ रिले (शत्रूच्या तळाकडे नेणारं अंतराळद्वार) ओलांडला, परतताना त्या माणसांच्या सोबतीला एक साथीदार दिला, तर ती सगळी वाचतात. मध्ये एक ते तीन मिशन्स उरकत बसलात तर निम्मी जातात आणि त्यांतली केली चेंबर्स डोळ्यांदेखत वितळते. आणखी रेंगाळलात तर उरते फक्त जहाजावरची डॉक्टर चाक्वास. 'आधी सगळा मॅप साफ करू' ही आपली खोड अशी अंगाशी येते. मला आवडलं, फक्त मुदतीचा स्पष्ट इशारा हवा होता.