सेट प्ले : डाव, चाल की मांडणी?

चोपडेकर
तालुक्यातल्या क्रीडाशिक्षकांसाठी बास्केटबॉलची छोटी पुस्तिका लिहितोय, सेट प्ले, म्हणजे आधी ठरवून केलेले हल्ले, कसे आखायचे यावर. सगळीकडे ‘ठरीव डाव’ लिहिलं होतं. एका ज्येष्ठ प्रशिक्षकांनी लाल पेनाने प्रत्येक ‘डाव’ खोडला. म्हणाले, डाव म्हणजे अख्खा खेळ, पत्त्यांचा मांडतो तो. इथे ‘चाल’ हवं. स्क्रीनला, म्हणजे साथीदाराच्या बचाववाल्याच्या वाटेत ठाम उभं राहण्याला, लिहिलेला ‘अडथळा’ही त्यांना खटकला. सोमवारी छपाईला द्यायचंय, जाणकारांनी सांगावं.

तालीमवाला
सरांनी कुस्ती पाहिलेली दिसत नाही. ढाक, कलाजंग, धोबीपछाड हे डावच ना? आणि डावाला तोड असते. समोरच्याने ओळखलं तर पुढे काय, हा प्रश्न त्या एका शब्दात आलाच. आमच्या धुळ्यात कुणी ‘कुस्तीची चाल’ म्हटलं तर लोक हसतील. डाव ठेवा.

सुगरण_यावल
आमच्याकडे डाव आमटीत असतो. ठरीव म्हणजे पितळी की स्टीलचा?

रिबाउंड
डाव की चाल हे भांडण अर्धवट आहे. सेट प्लेमध्ये दोन गोष्टी आहेत. एक, पोरं सुरुवातीला कुठे उभी राहतात. उदाहरणार्थ हॉर्न्स: दोन उंच खेळाडू फ्री थ्रो लाईनच्या दोन टोकांना, दोन नेमबाज दोन कोपऱ्यांत, चेंडूवाला वर मधोमध. ही झाली मांडणी. दुसरी, तिथून पुढे जे घडतं ते. त्याला चाल म्हणा की डाव म्हणा, माझं काही म्हणणं नाही. पण शब्द दोन हवेत, कारण सगळी गंमत त्या फरकात आहे. एकाच मांडणीतून दोन-तीन चाली निघाल्या, तर बचाववाल्याला नुसतं बघून काही कळत नाही. प्रत्येक चालीला वेगळी मांडणी दिली की आपली पोरं गोंधळतात आणि समोरची सावध होतात.

वेळेचं प्रकरणही लिहाच. शॉट घ्यायला मिळणाऱ्या 24 सेकंदांतले 8 पर्यंत तर चेंडू अर्धरेषेपार नेण्यातच जाऊ शकतात. उरलेल्या वेळात चार स्क्रीन आणि सहा पास कोंबणारे सर मी पाहिलेत. वहीत फार सुंदर दिसतं ते. पहिली हालचाल हुलीची, दुसरी खरी, आणि दोन्ही अडल्या तर चेंडूवाल्याला मोकळीक, एवढं पुरतं. आपल्याच हुकलेल्या शॉटचा रिबाउंड घेतला, म्हणजे रिंगला लागून उसळलेला चेंडू परत मिळवला, तर घड्याळ 14 वर येतं. तिथे मांडणीची हौस नको, असेल तिथून खेळा.

‘अडथळा’ मात्र काढाच. वाचून नवा पंच शिट्टी मारेल! पाय जमिनीवर, अंग स्थिर, तर स्क्रीन कायदेशीर. सरकत्या अंगाने धक्का दिला की फाऊल. मी ‘आडोसा’ म्हणतो. अडथळा आणतात, आडोसा घेतात. पोरं चुकतात ती इथेच: साथीदार नीट उभा राहण्याआधीच पळ काढतात. थांबायचं, आणि मग त्याच्या कमरेला खांदा घासून निघायचं. मध्ये हात शिरेल एवढी फट राहिली तरी बचाववाला त्यातून येतोच.

मराठीआग्रही
‘व्यूह’ असताना मांडणी कशाला? मांडणीवर भांडी असतात. आणि स्क्रीनला ‘अवरोध’. फलंदाज, गोलंदाज असे खणखणीत मराठी शब्द खेळात रुजवणारी पिढी गेली आणि आता आडोशाला बसलोय आपण.

तापीकाठ
आग्रहीसाहेब, गोलंदाज फारसी आहे हो. तोफखान्यातला, गोळा डागणारा. त्याच्या हातात चेंडू फार उशिरा आला. आणि व्यूहात शिरलेल्या अभिमन्यूचं काय झालं ते शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे.

मराठीआग्रही
रुळलेला शब्द आणि आळसाने घेतलेला शब्द यांत फरक असतो. व्यूहावर मी ठाम आहे.

भुसावळचा_भाचा
रेल्वेच्या ग्राऊंडवर आमचे सर एवढंच ओरडायचे: ‘तठे उभा ऱ्हाय, हालू नको!’ याला स्क्रीन म्हणतात हे पुढे पुण्यात गेल्यावर कळलं.

बेसलाइनवरून, म्हणजे रिंगमागच्या रेषेवरून, चेंडू आत टाकायला पाच सेकंद मिळतात, त्यासाठी आमचा एकच प्ले होता. चौघं रिंगपुढे चौकोनात. टाकणारा चेंडूवर थाप मारायचा. थाप ऐकली की खालचा वर जाऊन वरच्याच्या बचाववाल्यापुढे ठाम उभा राहायचा, वरचा रिंगकडे सुसाट. सगळ्यांचं लक्ष त्या पळणाऱ्यावर. आणि चेंडू यायचा उभ्या राहिलेल्याकडे! प्लेचं नाव ‘भरीत’. आम्ही भरीत ओरडलो की मुंबईची पोरं खो खो हसायची. त्यांचं हसू ओसरेपर्यंत चेंडू जाळीतून खाली आलेला असे.

रिबाउंड
वा. आडोसा देणाराच मोकळा होतो, कारण त्याचा बचाववाला पळणाऱ्याला अडवायला सरकतो. म्हणून नेमबाजालाच आडोसा द्यायला लावायचं. बहुतेक शाळांत हे काम जाडजूड पोराला देतात आणि तिथेच अर्धा प्ले वाया जातो. चोपडेकर, ‘भरीत’ पुस्तिकेत घ्याच.

तालीमवाला
भरीत ठीक, पण ‘तठे’ अहिराणी आहे. भुसावळकडे लेवा बोली. ते सर आमच्याकडचे असणार.

भुसावळचा_भाचा
रेल्वेच्या गावात सगळ्या बोल्या नांदतात भो. सर आमचेच.

चोपडेकर
म्हणजे मांडणी, चाल, आडोसा असं लिहू का? की चालऐवजी डाव? मुखपृष्ठावर ‘खानदेशातील प्रशिक्षकांसाठी’ असं येणार आहे.

मराठीआग्रही
खानदेश नव्हे, खान्देश. किंबहुना कान्हदेश. मूळ नाव कृष्णाचं.

तापीकाठ
आलं का! थाळनेरच्या फारुकी राजांना गुजरातच्या सुलतानाने खान पदवी दिली, त्यावरून खानदेश, असं आम्ही शिकलो. कान्हा मागाहून चिकटवलेला वाटतो.

मराठीआग्रही
चिकटवलेला? थाळनेर माझं आजोळ आहे. यावर वेगळा धागा काढतो, तिथे या.

सुगरण_यावल
सोमवार उद्याच आहे ना?

तालीमवाला
धागा काढा, येतो. पण ‘चाल’ छापलंत तर आमच्या तालमीत पुस्तिका पाठवू नका, चोपडेकर.