मदत हवी आहे : एमजीबीचा ओव्हरड्राइव्ह गरम झाल्यावर सुटतो, मीटर मात्र १२ व्होल्ट दाखवतो

मंडळी, जुन्या गाड्यांच्या वायरिंगमध्ये कुणी हात काळे केले असतील तर जरा मदत करा.

गाडी १९७३ची एमजीबी जीटी. चार सिंक्रोचा गिअरबॉक्स आणि त्याला मागे जोडलेला लेकॉक कंपनीचा एलएच प्रकारचा ओव्हरड्राइव्ह. मी इंग्लंडात मिडलंड्सकडे राहतो. इथे ही गाडी ओळखणारी माणसं पुष्कळ आहेत, पण तीन जणांना विचारावं तर चार निदानं मिळतात. एका गॅरेजवाल्याने तर गाडीखाली न वाकताच 'अख्खा युनिट बदला' असं सांगून टाकलं. म्हणून इथे विचारतोय.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ओव्हरड्राइव्ह म्हणजे क्लच न दाबता नुसत्या स्विचवर लागणारा जादा गिअर. माझ्या गाडीत तो फक्त तिसऱ्या आणि चौथ्यात लागतो. ताशी ७० मैलांवर नुसत्या चौथ्यात इंजिन ३९००च्या आसपास फिरतं, ओव्हरड्राइव्ह लागला की ३२००च्या आसपास येतं. मोटरवेवर एवढ्या फरकाने शेजारच्याशी न ओरडता बोलता येतं.

लक्षणं अशी. गाडी थंड असताना स्विच दाबल्याबरोबर लागतो, अगदी नव्यासारखा. मोटरवेवर अर्धा-पाऊण तास झाला की अचानक सुटतो आणि फेऱ्या एकदम वर जातात. स्विच चालू-बंद केला की कधी परत लागतो, कधी नाही. गाडी उभी करून तासाभराने निघालं की पुन्हा ठणठणीत.

आतापर्यंत पाहिलेलं: गिअरबॉक्सचं तेल पातळीला आहे. सोलेनॉइडकडे (ओव्हरड्राइव्हची झडप चालवणारी विजेची गुंडाळी) जाणारी पिवळी वायर सोडवून मल्टिमीटर लावला, गरम गाडीतही १२ व्होल्टच्या वर दिसतात. म्हणजे वायरिंग ठीक आणि सोलेनॉइड गेला, असं धरायचं का? सोलेनॉइड महाग आहे आणि तो बदलायचा म्हणजे गाडीखाली आडवं होऊन तेलात न्हायचं. त्याआधी खात्री हवी.

प्रतिसाद १

पहिली शंका तेलाची. पातळी ठीक आहे म्हणता, पण तेल कुठलं? या गिअरबॉक्सला आणि ओव्हरड्राइव्हला एकच तेल लागतं आणि ते म्हणजे साधं २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइल. गिअरबॉक्स म्हटलं की लोक सवयीने ९० नंबरचं गिअर ऑइल ओततात. ओव्हरड्राइव्हच्या आत कोन क्लच असतो, त्याला घसरण वाढवणारी कुठलीही पुडी-बाटली चालत नाही.

धागाकर्ता

तेल २०डब्ल्यू-५०च आहे, यंदाच बदललंय.

प्रतिसाद २

सांगलीहून लिहितोय. आयुष्य अँबेसिडरच्या वायरिंगमध्ये गेलं. तुमच्या गाडीचं इंजिन आमच्या अँबेसिडरच्या बी-सिरीजचंच मोठं भावंड, तिचं १४८९ सीसी, तुमचं १७९८. अँबेसिडरला ओव्हरड्राइव्ह नव्हता, पण लूज कॉन्टॅक्ट सगळ्या गाड्यांत सारखाच.

तुमच्या १२ व्होल्टवर विश्वास ठेवू नका. वायर सोडवून मीटर लावला की त्यातून करंट जवळजवळ वाहतच नाही. जोड गंजून एकाच तारेवर लोंबत असला तरी मीटर १२ दाखवणार. लोड चालू असताना मोजा, म्हणजे सोलेनॉइड जोडलेला हवा आणि स्विच दाबलेला.

त्याहून सोपं सांगतो. स्विचकडे जाणाऱ्या पांढऱ्या वायरच्या जोडात अँमिटर मालिकेत घाला, मीटर केबिनमध्ये शेजारच्या सीटवर ठेवा आणि मोटरवेला जा. वाचायचं काम शेजारी बसलेल्याने करायचं, तुम्ही रस्त्याकडे बघा. ओव्हरड्राइव्ह सुटतो त्या क्षणी आकडा काय होतो ते कळलं की अर्धं भांडण मिटलं. करंट शून्य झाला तर कुठेतरी सर्किट तुटतंय. करंट जागच्या जागी राहिला आणि तरीही सुटला, तर वीज निर्दोष. मग सोलेनॉइडची झडप किंवा तेलाचा दाब बघायचा.

मीटर लावतोच आहात तर त्याच जोडात छोटा फ्यूजही कायमचा बसवा. या गाडीत इग्निशनच्या पांढऱ्या वायरला फ्यूज नाही. पिवळी वायर गिअरबॉक्सला घासून सोलली की थेट शॉर्ट होतो, आणि मग इग्निशनसकट सगळा हार्नेस (वायरींचा जुडगा) जळतो. एलएचचा सोलेनॉइड जेमतेम एक अँपिअर खातो, त्यामुळे तीन अँपिअरचा फ्यूज भरपूर झाला.

प्रतिसाद ३

वरच्या सल्ल्यात एक पुरवणी. १९६७पर्यंतच्या एमजीबीत डी प्रकारचा ओव्हरड्राइव्ह होता, त्याला हे आकडे लावू नका. त्या सोलेनॉइडमध्ये दोन गुंडाळ्या असतात. एक ओढून घेणारी, ती पंधरा-सतरा अँपिअर घेते. दुसरी धरून ठेवणारी, तिला एक अँपिअर पुरतो. दट्ट्या पूर्ण आत गेला की पहिलीचा पुरवठा आतल्या आत तुटतो. लिव्हरची जुळणी चुकली तर तो तुटतच नाही आणि सोलेनॉइड भाजून निघतो. त्या गाड्यांचं नव्याण्णव टक्के दुखणं या जुळणीत असतं. तीन-सोळांश इंचाची कांब भोकातून घालून ती तपासतात. धागाकर्त्याला याचा उपयोग नाही, पण उद्या कुणी हा धागा शोधून वाचेल म्हणून लिहिलं.

धागाकर्ता

सांगलीच्या काकांना साष्टांग नमस्कार! बायकोला मीटर वाचायला बसवलं आणि निघालो. निघताना १.०५ अँपिअर. गाडी तापत गेली तसा आकडा हळूहळू ०.८५वर आला, तरी ओव्हरड्राइव्ह धरून होता. मग एकदम ०.४ आणि त्याच क्षणी सुटला. तुम्ही दोन शक्यता सांगितल्या होत्या, ही तिसरीच निघाली. शून्यही नाही आणि पूर्णही नाही.

प्रतिसाद २

उत्तम. वाचणाऱ्या वहिनींना शाबासकी द्या.

१.०५चे ०.८५ होणं हा दोष नव्हे. तांबं तापलं की त्याचा रोध दर अंशाला ०.४ टक्क्याच्या आसपास वाढतो. गुंडाळी २०वरून ९० अंशांवर गेली की रोध पाव पटीहून थोडा जास्त वाढणार. तुमचा सोलेनॉइड थंडपणी १३ ओहमचा धरला तर गरमपणी साडेसोळा. अल्टरनेटरचे १४ व्होल्ट भागिले साडेसोळा, उत्तर ०.८५. म्हणजे गुंडाळी शाबूत आहे, पैसे वाचले.

०.४ला मात्र एकूण रोध ३५ ओहम होतो. जादाचे साडेअठरा ओहम कुठल्यातरी जोडात किंवा स्विचमध्ये बसलेत आणि तिथे सात व्होल्ट खाल्ले जातायत. उरलेल्या सातात सोलेनॉइड झडप धरू शकत नाही. आता ते सात व्होल्ट शोधा. गाडी गरम करून आणा, इंजिन बंद, इग्निशन चालू, चौथा गिअर, स्विच दाबलेला. मग मीटरची एक टोचणी स्विचच्या अलीकडे, दुसरी पलीकडे. ०.२च्या आत आलं तर पुढचा जोड. असं सोलेनॉइडपर्यंत जायचं, आणि शेवटी गिअरबॉक्स ते बॅटरीची निगेटिव्ह. हा अर्थ, म्हणजे बॅटरीकडे परतीचा मार्ग, विसरू नका, सगळे विसरतात.

प्रतिसाद ४

हे करण्याआधी फुकटची एक चाचणी. ओव्हरड्राइव्ह सुटला की गिअरची दांडी हाताने मागे दाबून धरा, मग थोडी बाजूला. लगेच परत लागला तर गिअरबॉक्सवरचा इनहिबिटर स्विच (तिसरा-चौथा सोडून बाकी गिअरांत ओव्हरड्राइव्हची वीज तोडणारा) दोषी धरा.

धागाकर्ता

दोन्ही केलं. दांडी दाबली की लागतो, सोडली की सुटतो. स्टिअरिंग कॉलमवरच्या स्विचवर ०.१५ व्होल्ट, बुलेट कनेक्टरांवर (वायरींच्या जोडांवर) नगण्य, अर्थ चोख. इनहिबिटर स्विचच्या दोन टोकांत साडेपाच, आणि दांडी हलवली की आकडा नाचतो.

आता तो बदलेपर्यंत त्याच्या दोन्ही वायरी एकमेकींना जोडून गाडी चालवली तर चालेल का? पुढच्या आठवड्यात लांब जायचंय.

प्रतिसाद ३

अजिबात नको! तो स्विच फक्त तिसऱ्या-चौथ्यापुरता नाही. ओव्हरड्राइव्ह लागलेला असताना गाडी रिव्हर्सला घेतली तर आतला एकदिशा क्लच मोडतो, आणि मग तुमचा गॅरेजवाला म्हणतो तेच करावं लागेल. लांब जायचंच असेल तर ओव्हरड्राइव्हशिवाय जा, ६० मैलांवर राहा.

प्रतिसाद ४

स्विच काढायला गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. गाडी भक्कम स्टँडवर घ्या, गिअरबॉक्सखाली जॅक आणि लाकडी ठोकळा द्या, मागचा क्रॉसमेंबर सोडवून शेपूट थोडी खाली येऊ द्या, हात पोचतो. स्विचखालच्या फायबर वॉशर जपून ठेवा आणि नव्या स्विचखाली आधी तितक्याच घाला. वॉशर जास्त झाल्या तर स्विच दबतच नाही. बसवल्यावर सगळं वर चढवायच्या आधी मीटर लावून प्रत्येक गिअर टाकून बघा. तिसऱ्या-चौथ्यात चालू, बाकी सगळीकडे बंद, रिव्हर्सला तर दोनदा बघा.

धागाकर्ता

स्विच मागवला, फ्यूजही. लांबच्या प्रवासाला बायकोची गाडी नेतो.